कच्चा खर्डा

आमच्या घरीं जमाखर्चाच्या दोन वह्या असत. एक कच्ची व एक पक्की. कच्च्या वहींत दिवसभराचा खर्च आठवेल तसा टिपावयाचा, खाडाखोड करावयाची, समासांत बेरजा मांडावयाच्या, आणि रात्रीं दिव्यापाशीं बसून त्यांतील शुद्ध आंकडे पक्क्या वहींत उतरावयाचे, हा माझ्या वडिलांचा नेम. पक्की वही देव्हाऱ्याजवळच्या पेटींत जाई. लक्ष्मीपूजनाला तिच्यावर हळदकुंकू पडे. कच्ची वही मात्र वर्ष संपलें कीं बंबांत जाई. लहानपणापासून हें पाहत आल्यामुळें माझ्या मनानें खूणगांठ बांधली कीं, मान काय तो पक्क्याचा. कच्चें म्हणजे जळण. पुढें ३५ वर्षें हदगांवच्या परिसरांत मुलांना संस्कृत शिकवतांना ही खूणगांठ अधिकच घट्ट झाली. आतां साठी उलटल्यावर ती सुटूं लागली आहे. आणि ती सोडविणारा गुरु कोणी शास्त्री-पंडित नसून वीतभरहि लांब नसलेली, तीन बोटें रुंदीची एक पांढरी फळी आहे!

गेल्या दिवाळींत माझा नातू नांदेडहून सुटीला आला, तो ही फळी पिशवींत घालून. वसुबारसेचा दिवस, घरांतील बायकामंडळी अंगणांत सडासंमार्जनांत गुंतलेली. फळीवर एकसारखीं बारीक भोकें रांगेनें पाडलेलीं पाहून थोरल्या सूनबाईंना वाटलें, रांगोळीचा हा कांहीं नवीन ठसा शहरांतून आला आहे. त्यांनीं ती उचलून तिच्यावर रांगोळी ओतण्यास हात पुढें केला, तोंच चिरंजीव ओरडत धांवले, "काकू, नको! हा ब्रेडबोर्ड आहे!" ब्रेड म्हणजे पाव हें त्या माउलीला ठाऊक, तेव्हां घरांत पाव कापण्याची फळी कशाला, हा प्रश्न साहजिकच निघाला. पाव आमच्या घरीं आजारपणाखेरीज येत नाहीं, आणि आला तरी तो कापून खाण्याइतका मोठा नसतो.

परंतु सूनबाईंचा प्रश्न वाटतो तितका भाबडा नव्हता. या वस्तूचें नांव खरोखरच स्वयंपाकघरांतून निघालेलें आहे. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत अमेरिकेमध्यें रेडिओचें वेड पसरलें, तेव्हां हौशी मंडळी घरच्या घरीं यंत्र जुळवूं लागली. जुळवणीला पाया म्हणून लांकडाची सपाट, कोरडी फळी हवी. ती स्वयंपाकघरांत पाव कापण्यासाठीं तयारच असे. तिच्यावर खिळे ठोकावे, स्क्रू बसवावे, त्यांना तारा गुंडाळाव्या, असा तो खाक्या. फळीचें नांव पुढें त्या पद्धतीलाच चिकटलें, आणि पाव गेला तरी नांव राहिलें. शब्दांचीं असलीं स्थलांतरें संस्कृतच्या अभ्यासकाला नवीन नाहींत. कुश नांवाचें तीक्ष्ण गवत हात न कापतां तोडणारा तो कुशल. आज कुशल म्हणवून घेणाऱ्या किती जणांनीं तें गवत पाहिलें असेल?

नांवाची ही हकीकत नातवानें सांगितली, तेव्हां मला एकदम आमच्या घरचा पोळपाट आठवला. माझे धाकटे काका रेडिओचे वेडे होते. १९७१ सालच्या हिंवाळ्यांत, मी दहा-अकरा वर्षांचा असेन, काकांनीं स्वयंपाकघरांतला शिसवी पोळपाट पळवून त्यावर दोन ट्रान्झिस्टरचा रेडिओ जुळविला. तुळईपासून परसांतल्या कडुनिंबापर्यंत तार ताणली. आईनें आठ दिवस परातीच्या पाठीवर पोळ्या लाटल्या आणि तोंडानें काकांचा उद्धार केला. पण डिसेंबरच्या १६ तारखेच्या रात्रीं त्याच पोळपाटांतून खरखरत, बुडत, पुन्हा वर येत, ढाक्याला पाकिस्तानी सैन्य शरण आल्याची बातमी आली; आणि ज्या आईनें आठ दिवस बोल लावले तिनेंच त्या पोळपाटापुढें साखर ठेविली. काकांचा तो रेडिओ कधींच पक्का झाला नाहीं. आज एक भाग काढ, उद्यां दुसरा लाव, असें शेवटपर्यंत चाललें. "अरे, एकदांचा तो डब्यांत बंद कर," असें वडील म्हणत. काका म्हणत, "बंद केला कीं संपला." वडिलांच्या बाजूनें उभा असलेला मी काकांना मनांतल्या मनांत नापास करीत असें.

असो. आतांचा ब्रेडबोर्ड लांकडाचा नाहीं, प्लास्टिकचा आहे. अमेरिकेंतील कनेटिकट राज्यांत डर्बी गांवीं ई अँड एल इन्स्ट्रुमेंट्स नांवाची कंपनी होती. तेथील रोनाल्ड पोर्तुगाल यांनीं या फळीची आकृति सिद्ध केली व १९७३ सालीं तिचें पेटंट मिळालें. मोठ्या फळीवर ८३० भोकें असतात. दोन भोकांमधील अंतर एक-दशांश इंच, म्हणजे २.५४ मिलिमीटर. मधोमध एक चर असतो. चराच्या दोहों अंगांस पांच-पांच भोकांच्या आडव्या ओळी. प्रत्येक ओळीच्या पोटांत धातूची एक लवचिक चिमट्यासारखी पट्टी दडलेली. ओळींतील पांचहि भोकें त्या पट्टीनें एकमेकांस जोडलेलीं, पण शेजारच्या ओळीशीं त्यांचा संबंध नाहीं. तारेचें टोंक भोकांत दाबलें कीं चिमटा तें धरतो. ओढलें कीं सोडतो. ना कथलाचा डाग, ना स्क्रू. कांठावर लाल व निळ्या रेघांच्या लांब रांगा असतात, त्या बॅटरीच्या धन व ऋण टोंकांसाठीं. मधला चर आहे तो अशासाठीं कीं, काळ्या गोमेसारखी दिसणारी जी चिप असते तिच्या पायांच्या दोन रांगा त्या चराच्या दोन कांठांवर बरोबर बसाव्या आणि समोरासमोरच्या पायांची गांठ पडूं नये.

हें ऐकतांना मला कौतुक वाटत होतें तें रचनेंतील व्याकरणाचें. एका ओळींतील पांच भोकें म्हणजे एका विभक्तींतील शब्द. कोठेंहि ठेवा, अन्वय तोच. पण ओळ बदलली कीं अर्थ बदलला. नातवाला मीं हें सांगितलें, तेव्हां तो हंसला. मात्र दुसऱ्याच दिवशीं माझें व्याकरण त्याच्या उपयोगीं पडलें. त्यानें फळीच्या दोन टोंकांना लहान दिवे बसविले होते. एका टोंकाचे लागत, दुसऱ्या टोंकाचे लागत ना. दोन तास तो बॅटरी तपासतो, दिवे उलटसुलट करून पाहतो, तारा बदलतो; कांहीं केल्या उजेड पडेना. मी चष्मा लावून सहज पाहिलें, तों कांठावरील लाल रेघ फळीच्या मध्यावर किंचित् तुटलेली दिसली. श्लोक वाचतांना डोळ्याला दंड आणि यति पाहण्याची संवय, म्हणून म्हटलें, "अरे, येथें विराम आहे. रेघ तुटली आहे, तर आंतली पट्टीहि तुटलेली नसेल ना?" त्यानें तुटलेल्या जागीं एक आंखूड तार टांचली, आणि सारे दिवे लागले! कांहीं मोठ्या फळ्यांची ही लांब रांग मुद्दामच मध्यें तोडलेली असते, म्हणजे दोन निरनिराळ्या दाबांची वीज दोन अर्ध्यांना देतां यावी. ही गोष्ट ठाऊक नसली कीं नवशिका हमखास फसतो. त्या क्षणीं आजोबा-नातू दोघेहि एकाच इयत्तेंत बसलों होतों, आणि तें मला आवडलें, हें कबूल करतों.

मग त्यानें ५५५ नांवाची आठ पायांची चिप बसविली. या चिपची जन्मकथा मला फार बोधप्रद वाटली. हान्स कामेन्झिंड या मूळच्या स्विस अभियंत्यानें १९७१ सालीं सिग्नेटिक्स कंपनीसाठीं ती रचली. पहिल्या आराखड्याची तपासणी होऊन तो पसंतहि झाला होता. त्या आराखड्याला नऊ पाय लागत. पसंतीनंतर त्याला आंतील एक भाग सोपा करण्याची युक्ति सुचली, एक पाय कमी झाला, आणि आठ पायांच्या लहान आवरणांत ती मावली. १९७२ सालीं बाजारांत आलेली ही चिप आजहि जगभर विकली जाते. पसंत झालेल्या गोष्टीलाहि कच्चें मानण्याची त्या गृहस्थाची तयारी नसती, तर हें घडतें ना.

या चिपला एक किलोओहम व १० किलोओहम असे दोन रेझिस्टर आणि १०० मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर जोडला. रेझिस्टर म्हणजे विजेची वाट अरुंद करणारा; कपॅसिटर म्हणजे वीज सांठवून पुन्हा सोडणारा रांजण. रांजण भरे, रिता होई, आणि दिवा सुमारें दीड-दीड सेकंदानें लुकलुके. नंतर तोच रांजण उपटून हजारावा हिस्सा धारणेचा, म्हणजे ०.१ मायक्रोफॅरडचा, लावला. दिव्याचें लुकलुकणें डोळ्याला कळेनासें झालें. पण त्याच्या जागीं लहान स्पीकर लावतांच सेकंदाला सुमारें ६८५ कंपनांचा तीव्र स्वर घुमला. माजघरांतून सारीं माणसें धांवत आलीं. एक भाग उपटावा, दुसरा टोंचावा, आणि दिव्याचा नाद व्हावा, हें सारें अर्ध्या मिनिटांत! लुकलुक आणि स्वर हे एकाच घटनेचे दोन वेग आहेत, हें पुस्तकांत वाचून मला कधीं कळलें नव्हतें.

येथपर्यंतची हकीकत सुखाची आहे. पुढची सांगण्यासाठींच लेखणी हातीं घेतली आहे.

आमच्या थोरल्या वहिनी आतां ऐंशीच्या घरांत आहेत. त्या लग्न होऊन आल्या तेव्हां मी सात वर्षांचा होतों. आई गेल्यावर त्यांनींच मला आईपण दिलें. दोन वर्षांपूर्वीं अर्धांगाचा झटका येऊन त्यांची उजवी बाजू लुळी पडली, आणि आवाज इतका क्षीण झाला कीं शेजारच्या खोलींतहि पोंचत नाहीं. म्हणून रोज रात्रीं थोरल्या सूनबाई त्यांच्या पलंगाशीं निजत. दिवसभर घरचें काम, रात्रीं चार-चार वेळां उठणें. त्या बिचारीच्या डोळ्यांखालीं काळीं वर्तुळें आलीं होतीं. तो स्वर ऐकतांच माझ्या मनांत आलें, हीच घंटा! वहिनींच्या डाव्या हाताशीं कळ, चौकावरून माझ्या खोलीपर्यंत तार, आणि माझ्या उशाशीं स्पीकर. म्हाताऱ्या माणसाला झोप थोडीच, मी उठेन. कळ दाबली तरच बॅटरींतून वीज वाहणार, म्हणजे वीज गेली तरी काम अडावयाचें नाहीं आणि बॅटरीहि टिकणार.

नातवाला कल्पना आवडली, पण तो म्हणाला, "आजोबा, हें सगळें ब्रेडबोर्डवर आहे. हा प्रयोगापुरता. पक्क्या बोर्डवर डाग देऊन घेऊं, मग लावूं. मी नाताळच्या सुटींत आलों कीं करतों."

मीं म्हटलें, "आतां वाजतें आहे ना?"

"वाजतें. पण ही लांब तार सुट्या बारीक तारांच्या पुंजक्याची आहे. भोकांत एकेरी, भरीव तार लागते. पुंजका चिमट्यांत नीट धरत नाहीं, आजोबा."

मीं पुंजका पिळून पिळून एकेरी केला व भोकांत दाबला. घंटा वाजली. "हें बघ, धरतो!" असें म्हणून मी विजयी मुद्रेनें त्याच्याकडे पाहिलें. तो गप्प बसला. आजोबांपुढें यापेक्षां अधिक बोलावयाचें नाहीं, हें वळण त्याला आम्हींच लावलेलें. भाऊबीज झाल्यावर तो नांदेडला गेला. ब्रेडबोर्ड माझ्या आग्रहानें माझ्या फडताळांत राहिला. त्याच रात्रीपासून मीं सूनबाईंना आंत स्वस्थ निजण्यास सांगितलें.

आठ-दहा रात्री घंटा नीट वाजली. मी उठें, पाणी देईं, कूस बदलून देईं, आणि मनांत फुलें. कार्तिक असल्यानें पहांटे काकड आरतीला जाण्याचा माझा परिपाठ. एके दिवशीं स्नान करून देवळाकडे निघालों, तों वहिनींच्या खोलीच्या दारांतून आंत पाहिलें. पलंग रिकामा. वहिनी खालीं शहाबादी फरशीवर कुशीवर पडलेल्या. थंडीनें अंग लांकडासारखें झालेलें. त्यांना रात्रीं दोनच्या सुमारास तहान लागली होती. कोणी येईना म्हणून एका हातानें तांब्या घेण्यास वांकल्या आणि घसरल्या. तीन तास त्या तशाच पडून होत्या, आणि कळ डाव्या मुठींत घट्ट धरलेली होती. मला पाहून त्या पुटपुटल्या, "भाऊजी, मी दाबत होतें. तुम्हांला झोंप लागली असेल, म्हणून मग थोडी थांबत होतें, आणि पुन्हा दाबत होतें."

खोलींत येऊन पाहिलें, तों पिळलेला पुंजका भोकांतून निसटून फळीवर आडवा पडलेला. आदल्या दिवशीं घड्याळाला चावी देण्यासाठीं मींच फडताळांतील वस्तु सरकवल्या होत्या.

देवाची दया कीं हाड मोडलें नाहीं. ताप येऊन चार दिवसांनीं गेला. पण त्या सकाळीं माझ्या हातून जें घडलें तें त्याहून वाईट. माझ्या मुलानें रागाच्या भरांत नातवाला फोन लावला आणि "तुझ्या खेळण्यानें आज म्हातारीचा जीव जात होता" असें खडसावलें. मी शेजारीं उभा होतों. तोंड उघडलें असतें तर दोन वाक्यांत सत्य सांगून झालें असतें. मी गप्प राहिलों. ३५ वर्षें मुलांना सत्यं वद शिकविलेला मास्तर सकाळचे आठ वाजल्यापासून दुपारचे दोन वाजेपर्यंत गप्प राहिला, आणि चौदा वर्षांच्या मुलानें त्याची चूक आपल्या माथ्यावर वाहिली. जेवणाचें ताट पुढें आलें, घांस घशाखालीं उतरेना, तेव्हां उठलों, सर्वांच्या देखत फोन लावला आणि म्हटलें, "बाळ, चूक माझी. तूं सांगितलें होतेंस, मीं ऐकलें नाहीं."

मला वाटलें, तो रडेल, रागावेल, निदान "मी म्हणालों होतों ना" असें म्हणेल. क्षणभर कांहींच ऐकूं आलें नाहीं. मग त्यानें विचारलें, "आजोबा, तार पूर्ण बाहेर आली होती, कीं भोकांत होती आणि जोड सुटला होता?"

वाचकहो, या एका प्रश्नानें मला जितकें शिकविलें तितकें अनेक ग्रंथांनीं शिकविलें नाहीं. घरांतील आम्ही सर्व वडीलधारीं माणसें सकाळपासून एकच शोधीत होतों: चूक कोणाची? तो पोरगा विचारीत होता: चूक कोठें? पहिल्या प्रश्नाचें उत्तर मिळालें तरी घंटा वाजत नाहीं. दुसऱ्याचें मिळालें कीं वाजते. ब्रेडबोर्डवर महिनोन् महिने दिवे न लागण्याची संवय झालेल्या मुलाला चुकीची लाज वाटत नाहीं. ती त्याला तुटलेल्या लाल रेघेसारखी कोठें तरी असलेली, डोळ्यांनीं पाहण्याजोगी आणि दुरुस्त होण्याजोगी एक वस्तु वाटते.

त्या दिवसापासून मी विचार करीत आहें कीं, कच्च्याला जळण समजण्यांत माझी चूक कोठें झाली. एका अर्थीं मीं दोन उलट चुका केल्या. वर्गांत मीं कच्च्याला कधीं मान दिला नाहीं. आणि घरांत कच्च्यालाच पक्क्याच्या जागीं बसविलें. दोहोंचें मूळ एकच: कच्चें म्हणजे काय, हेंच मला उमगलें नव्हतें.

वास्तविक आमच्या विद्येंत या गोष्टीची मोठी परंपरा आहे. जुन्या ज्योतिषी-गणितज्ञांनीं अंकगणिताला पाटीगणित व धूलिकर्म अशीं नांवें दिलीं. पाटीवर धूळ पसरावी, तींत अंक मांडावे, पुसावे, पुन्हा मांडावे. उत्तर तेवढें ग्रंथांत जाई. श्रीधराचार्यांच्या ग्रंथाचें नांवच पाटीगणित. मराठींत आपण अजून धुळाक्षरें म्हणतों तीं याच पाटीचीं. मग ही पांढरी फळी म्हणजे विजेची धूळपाटीच नव्हे काय? शास्त्रग्रंथांतहि सिद्धान्ताच्या आधीं पूर्वपक्ष मांडतात, आणि चांगला टीकाकार तो जीव तोडून मांडतो. कारण पूर्वपक्ष जितका भक्कम, तितका सिद्धान्त टिकाऊ. पण पूर्वपक्षालाच सिद्धान्त समजून कोणी संसार चालवूं लागला, तर त्याची गत माझ्या घंटेसारखीच व्हावयाची.

मला एक विद्यार्थी आठवतो. संधि सोडविण्याच्या प्रश्नांत त्यानें समासांत तीन प्रकारें विग्रह करून पाहिले, दोन खोडले, तिसरा बरोबर लिहिला. मीं अस्वच्छतेबद्दल दोन गुण कापले आणि त्याची वही वर्गाला दाखविली. आज ती वही माझ्या हातीं आली, तर मी तिसऱ्या विग्रहाकडे नुसती नजर टाकीन आणि खोडलेले दोन मन लावून वाचीन. कारण मुलाचें डोकें कोणत्या वाटेनें चाललें हें तेथेंच दिसतें. तो मुलगा पुढें कधीं समासांत लिहितांना मला दिसला नाहीं. त्याची वही त्यानंतर फार स्वच्छ असे.

नाताळच्या सुटींत नातू आला. नांदेडहून भोकांची तांबड्या-तपकिरी रंगाची पक्की पाटी आणली. तिला बाजारांत झिरो पीसीबी म्हणतात. गांवांतील मोबाइल दुरुस्त करणाऱ्या एका तरुणानें डाग देण्याचें यंत्र दिलें. आधीं ब्रेडबोर्डवर पुन्हा सर्व मंडल जुळविलें, कागदावर आकृति काढली, मग एकेक भाग पाटीवर नेऊन कथलाचा डाग दिला. लांब तारेसाठीं स्क्रूनें आवळण्याचा जोड बसविला. मीं तार ओढून पाहण्यास हात घातला तेव्हां तो म्हणाला, "जोरानें ओढा, आजोबा." मीं ओढली. निघाली नाहीं. तरीहि पुढील महिनाभर सूनबाई वहिनींच्याच खोलींत निजल्या. ती अट या वेळीं माझी होती.

सुटींतले उरलेले दिवस आम्हीं दुसऱ्या एका उद्योगांत घालविले. ओसरीवर संध्याकाळीं कापूस-सोयाबीन करणाऱ्या शेतकऱ्यांचीं चार-पांच मुलें माझ्याकडे शिकण्यास येतात. त्यांच्यासाठीं ब्रेडबोर्ड घरींच करावयाचे ठरलें, आणि तेहि जुन्या पद्धतीचे. सुताराकडून सागाचे आठ इंच लांब व सहा इंच रुंद असे वाया गेलेले तुकडे आणले, ते घासून गुळगुळीत केले. पेन्सिलीनें एक-एक इंचाच्या चौकटी आंखल्या व रेघांच्या छेदावर अर्ध्या इंचाचे पितळी स्क्रू दोन-दोन वायसर घालून बसविले. दोन वायसरांच्या मधें तार धरावयाची व पेचकसानें आवळावयाची. चिपचे आठ पाय येथें बसत नाहींत. पण ट्रान्झिस्टरचे तीन पाय हलकेच फांकवले कीं तीन स्क्रूंवर सुखानें बसतात. दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, दोन कपॅसिटर, दोन दिवे आणि नऊ व्होल्टची बॅटरी एवढ्यांत आळीपाळीनें लुकलुकणारे दोन दिवे तयार होतात. प्लास्टिकच्या फळीपेक्षां यांत एक गुण अधिक आहे. येथें पोटांत कांहीं दडलेलें नाहीं. वीज कोणत्या वाटेनें गेली तें मूल बोटानें दाखवूं शकतें.

दोन गोष्टी मात्र मुलांकडून पाठ करून घेतल्या. पहिली अशी कीं, घराच्या भिंतींतील २३० व्होल्टची वीज या फळ्यांवर कधींहि आणावयाची नाहीं. लांकडी असो वा प्लास्टिकची, ही बॅटरीचीच जागा. आणि दुसरी ही कीं, प्लास्टिकच्या फळीवर फार वेगानें थरारणारीं मंडलें चालवावयास जाऊं नये. शेजारशेजारच्या पट्ट्या नकळत चिमुकल्या कपॅसिटरसारख्या वागतात आणि सेकंदाला लक्षावधि कंपनें झालीं कीं गोंधळ माजवितात.

हें कांहीं आम्हीं नवीन केलें असें नाहीं. पुणें जिल्ह्यांतील पाबळ गांवीं डॉ. कलबाग यांनीं १९८३ सालीं विज्ञान आश्रम स्थापन करून खेड्यांतील मुलांना काम करीत शिकविण्याचा मार्ग घालून दिला. अमेरिकेंतील एम.आय.टी. या संस्थेच्या साहाय्यानें २००२ सालीं तेथें फॅब लॅब उभी राहिली. २०१६ पासून अटल टिंकरिंग लॅब या सरकारी योजनेंतून सहावी ते बारावीच्या मुलांना अशीं साधनें शाळांत मिळूं लागलीं. माझ्या नातवाची फळी अशाच एका खोलींतली विद्या घेऊन घरीं आली. ज्या गांवीं अशी खोली नाहीं, तेथें सुताराच्या अड्ड्यावर फळीचे तुकडे तरी असतातच.

काकांना जाऊन पुष्कळ वर्षें झालीं. पोळपाट अजून घरांत आहे. त्याच्या पाठीवर चार भोकें आहेत. काका पक्कें करीत नसत ही त्यांची उणीव मी आजहि मानतों. परंतु ते कच्च्याला भीत नसत हा त्यांचा गुण मला पन्नास वर्षें दिसला नाहीं. दोन्ही वह्या घरांत हव्यात, आणि कोणती कोणत्या कामाची हें कळावयास हवें. यंदा दिवाळींत लक्ष्मीपूजनाला मीं पक्क्या वहीशेजारीं ती पांढरी फळी मांडली. सूनबाईंनीं हंसत तिच्यावर हळदकुंकू वाहिलें, आणि भोकांत गेलेलें कुंकू काढतां काढतां नातवाच्या नाकीं नऊ आले.

वहिनींची घंटा माझ्या उशाशीं आहे. रोज रात्रीं दिवा मालवण्यापूर्वीं ती एकदां वाजते. पहिल्या रात्रीं मी धांवत गेलों, तर वहिनी म्हणाल्या, "कांहीं नको, भाऊजी. वाजते कां तेवढें पाहिलें." आतां मी धांवत नाहीं, पण ती वाजल्यावांचून मला झोंप येत नाहीं.